बंद म्हणजे काय?

भानुदास मेश्राम मूळचा नागपूरचा, आता अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरचा. नोकरी नदीवरच्या शंभर वर्षं जुन्या उचलत्या पुलाच्या केबिनमध्ये. बोट आली की गेटं पाडून गाड्या थांबवायच्या आणि बटण दाबून पूल वर करायचा. पूल वर गेला की त्याच्या मागच्या टोकाचा काँक्रीटचा भलामोठा धोंडा खालच्या खड्ड्यात उतरतो. त्या धोंड्याची भानुदासला पहिल्या दिवसापासून धास्ती. म्हणायचा, "पूल म्हातारा झालाय, पण दात शाबूत आहेत त्याचे."

घरी मुलगा इंग्लिशमध्ये बोलणार, कामावर तर सगळंच इंग्लिश. मराठीला माणूस अगदी आसुसलेला! आणि एक दिवस तपासणीला आलेल्या नव्या इंजिनिअरनं, प्रीता गजभियेनं, त्याच्या शर्टावरचं आडनाव वाचून "जय भीम, काका!" म्हटलं. गडी विरघळलाच. मग काय, रेडिओवरसुद्धा दोघांचं मराठी सुरू. तिथं बोलायचं ते इंग्लिशमध्ये, ठरलेल्या शब्दांत, असा नियम. पण आपलं माणूस भेटल्यावर नियम कोणाला आठवतो हो?

त्या सकाळी नदीवर धुकं होतं आणि वारा नसताना पूल करकरत होता. भानुदासला ते काही बरं वाटेना. लांबून बोट येत होती, म्हणून त्यानं नुकतीच गेटं पाडली होती. तेवढ्यात रेडिओवर प्रीता म्हणाली, "काका, बंद केलंय ना?"

"हो बेटा, बंद!"

तो बोलत होता रस्त्याचं. ती विचारत होती पूल उचलणाऱ्या मोटरचं. पोरगी रस्त्याकडेला उभी असेल, असं तो धरून चाललेला. खड्ड्यात उतरणाऱ्यानं मोटरच्या स्विचला आधी स्वतःचं कुलूप घालायचं असतं. पण काका म्हणाले म्हणजे झालंच की, म्हणून ती धोंडा तपासायला तशीच खाली उतरली.

बोटीनं भोंगा दिला. भानुदासनं बटण दाबलं.

धोंडा खाली सरकू लागला, आणि रेडिओवर किंकाळी आली, "काकाऽऽ!"

अख्खी मूठ त्यानं थांबवायच्या लाल बटणावर हाणली. थरथरत सगळं थांबलं.

धावत तो खाली गेला, तर प्रीता जमिनीला चिकटून बसलेली आणि धोंडा तिच्या हेल्मेटला टेकलेला. लोकांनी तिला ओढून बाहेर काढलं. "पोरी, चुकलो गं मी," म्हणत भानुदास ढसाढसा रडला.

पुढच्या आठवड्यात ती कामावर परतली. रेडिओ खरखरताच भानुदासनं झडप घालून उचलला.

"ऑपरेटर, कन्फर्म पॉवर ऑफ," ती म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. भानुदासनं आधी मोटरचा स्विच बघून घेतला.

"पॉवर ऑफ, मॅडम," तो म्हणाला.