साफ आहे, वसीमभाई

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. दादाजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिला मी सगळं सांगते त्या मैत्रिणीजवळ तर मुळीच नाही — तीही या गोष्टीत आहे, बिचारीला पत्ता नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोर चेहरा नसला की मला बोलणं सोपं जातं. खोटंही मी फोनवरच बोलले होते.

भूमला आमचं गॅरेज आहे. गॅरेज सतीशदादाचं, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा माझा. ट्रॅक्टर, दुचाक्या, एखादी जीप — असली गिऱ्हाइकं. दादाला मात्र वेड लागलं होतं ते आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवायचं. भंगारातून टर्बो आणला, पाइप स्वतः वेल्डिंग केले, बसवला. गाडी सुरूही झाली. पण टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मग पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागतं. त्याला म्हणायचं ट्यूनिंग. ते करणारा माणूस आमच्याकडं कुठून असणार? कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळणारे चिक्कार.

"ही गाडी एकदा पळू दे," दादा म्हणायचा, "बार्शी-लातूरची पोरं आपल्या दारात येत्याल बघ." आयुष्यभर ट्रॅक्टरखाली झोपायचं नव्हतं त्याला. सगळा जीव त्या गाडीत होता.

वसीमभाई त्याला फोनवरच भेटले. कोल्हापूरचे, घरी बसून एकट्यानं लांबच्या गाड्या ट्यून करायचे. ते फाइल पाठवायचे, मी ती लॅपटॉपवरून गाडीत भरायची. परंड्याच्या रस्त्यावरच्या सरळ पट्ट्यात दादा गाडी दाबून पळवायचा, मी शेजारी. नोंदी त्यांना पाठवायच्या, ते दुरुस्ती करणार, पुन्हा फेरी. पण एक गोष्ट त्यांच्या स्क्रीनवर दिसत नव्हती. ठिणगी फार लवकर पडली की सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी भडकतं — नॉकिंग. ते पिस्टन खातं. आमच्या जुन्या गाडीचा त्यासाठीचा सेन्सर टर्बोच्या गोंगाटात निकामीच होता. म्हणून त्यांनी मला एक युक्ती शिकवली: तांब्याची नळी इंजिनाला बोल्टनं आवळायची, तिला लांब रबरी पाइप जोडून तो खिडकीतून आत घ्यायचा, आणि टोक डॉक्टरसारखं कानात घालायचं. ऐकणं माझ्याकडं.

"ताई, तुमच्या कानावर माझा भरवसा आहे," ते एकदा म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. गॅरेजात येणारा माणूस मला बघून "मालक कुठंय?" असं विचारतो — आणि इथं एक जाणता माणूस माझ्या कानावर गाडी सोपवत होता.

त्यांची अट एकच होती. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं, आणि दर वेळी तेच. साधं पेट्रोल लवकर भडकतं. ते महागडं पेट्रोल भूमला मिळत नव्हतं, बार्शीला जाऊन भरावं लागायचं. शेवटच्या फेऱ्यांच्या आदल्या दिवशी दादाला ट्रॅक्टरचं काम होतं. म्हणाला, हळू चालव आणि टाकी भरून आण. मी निघाले. वाटेत मैत्रिणीचं माहेर — तिला बाळ झालेलं. पाच मिनिटं म्हणून बसले. बाळ मांडीवर झोपलं, पोहे झाले, चहा झाला, गप्पा संपेनात. ऊन उतरलं, बार्शी राहिली. परतताना गावच्याच पंपावर साधं पेट्रोल भरलं. एका टाकीनं काय होतंय? — असं वाटलं. खरंच तेवढंच वाटलं.

सकाळी वसीमभाईंनी विचारलं, "पेट्रोल बार्शीचंच ना?" दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, हो.

पहिल्या फेरीत आवाज नव्हता. त्यांनी ठिणगी थोडी आधी घेतली. पुढच्या फेरीत तो आला — पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा, बारीक, क्षणभर. मला भास झाला का? नाही. भास म्हणायची सोय मी नंतर खूप वेळा करून पाहिली, पण नाही. मी ऐकला, ओळखला, आणि तो का आला तेही मला त्याच क्षणी कळलं.

नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. पण थांबलं की कारण निघणार, कारण निघालं की पेट्रोल निघणार, आणि मग — भरवशाचा कान कुठं जाणार?

"आवाज आला का, ताई?"

"साफ आहे, वसीमभाई."

त्यांनी ठिणगी आणखी आधी घेतली. माझ्या शब्दावर. तिसऱ्या फेरीत फुटाणे मोजायची गरज नव्हती, सगळा डबाच वाजत होता. आणि मी पाइप कानात घालून समोर रस्त्याकडं बघत बसले होते. मग धाडकन आवाज झाला, निळा धूर, गाडी मेली. दोन पिस्टन फुटले होते, इंजिनाचा ब्लॉकच भेगाळला होता.

दादा रस्त्याच्या कडेला खाली बसला. फोन चालूच होता. त्यानं वसीमभाईंना नाही नाही ते ऐकवलं. पलीकडून ते शांतपणे म्हणाले, "ताईंनी साफ सांगितलं म्हणजे साफच असणार. चूक माझी असेल. माफ करा." टाकीत उरलेलं पेट्रोल दादानं नंतर काढून मोटारसायकलीत ओतलं. पुरावाही असा धुरात गेला.

दादानं गाडीवाल्यांच्या ग्रुपांत लिहिलं: या माणसानं माझं इंजिन जाळलं. पोरांनी ते पुढं ढकललं, वर आपापल्या शिव्या जोडल्या. मी वाचत होते. एक ओळ लिहिली असती तर थांबलं असतं, नाही का?

काही महिन्यांनी वसीमभाईंचाच फोन आला, माझ्या नंबरवर. लांबच्या गाड्या घेणं बंद केलंय म्हणाले. लोक आता विश्वासानं देत नाहीत, आणि — खरं म्हणजे — आपल्यालाच भीती वाटते. एका शोरूमला लागलेत, सर्व्हिसिंगला. "सगळे आकडे पुन्हा पुन्हा बघितले," ते म्हणाले. "कुठं चुकलो तेच सापडत नाही. मनाला लागून राहिलंय. म्हणून एकदाच विचारतो, ताई. राग नका मानू. कानात काहीच आलं नव्हतं ना?"

ते मला दोष देत नव्हते. त्यांना नुसतं कळून घ्यायचं होतं. इतकी सरळ वाट मला पुन्हा कोण देणार होतं?

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

"मग माझंच," ते म्हणाले, आणि आईची चौकशी करून फोन ठेवला.

ती गाडी गेली. दादानं पुन्हा तसलं काही हातात घेतलं नाही, ट्रॅक्टर आहेत. परवा परंड्याचा एक जण टर्बोचं विचारत आला. दादानं त्याला ग्रीसचे हात पुसत पुसत समजावलं, "नादी लागू नका. आमची गाडी कोल्हापूरच्या एका अडाण्यानं जाळली. ही हुती की शेजारी, इचारा हिला."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.