तळासरीच्या बाजारातली धूळ

पाईपलाईनसाठी तळासरीचा बाजाररस्ता खणला तो पुन्हा नीट झालाच नाही. मुरूम टाकून ठेवला. गाडी गेली की किराणा दुकानदार रविंद्रशेठच्या गुळावर, साखरेवर थर बसे. बोंबाबोंब झाली तेव्हा ठेकेदाराने रस्त्यावर पाणी मारायला टँकर लावला. चालवायला हाल्या.

उधव्याजवळच्या पाड्यावरचा हाल्या याआधी खडीच्या डंपरवर होता. तिथे कुणी त्याला नावाने हाक मारली नव्हती. इथे सकाळ-संध्याकाळ टँकर फिरला की रविंद्रशेठ बोलावून चहा पाजायचा. हाल्याला ते आवडे.

२०१६च्या एप्रिलमध्ये टँकर भरायचा तो ओढा आटला. सुपरवायझर म्हणाला, पाणी आण, नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो. हाल्याने आपल्याच पाड्याची विहीर दाखवली. पाड्यावर सगळ्यांना सांगितलं, चार दिवसांचं काम आहे. पंधरवडा झाला तरी मोटर चालूच. विहिरीचा तळ दिसू लागला. बाया वाटीने पाणी भरू लागल्या आणि हाल्याच्या बायकोशी, नवशीशी, बोलेनाशा झाल्या.

एके सकाळी तो पाईप सोडायला गेला, तर नवशी कठड्यावर बसलेली. मागे सगळ्या बाया.

"आमच्या तोंडचं पाणी तू धुळीला पाजतोस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

हाल्याने पाईप गुंडाळला आणि रिकामा टँकर बाजारात नेऊन उभा केला. पाणी का नाही, असं रविंद्रशेठने विचारलं. पाड्यावर प्यायला उरलं नाही, असं हाल्याने सांगितलं.

"मग आम्ही धूळ खायची का?" शेठ म्हणाला. त्या दिवशी चहा आला नाही. संध्याकाळी सुपरवायझरने चावी काढून घेतली.

दोन दिवसांनी टँकर परत विहिरीवर आला. चालवत होता हाल्याचा चुलतभाऊ लडक्या, सोबत सुपरवायझर आणि चार माणसं. विहीर सरकारी आहे, कुणाच्या बापाची नाही, असं सुपरवायझरने ऐकवलं. कठड्यावर बसलेल्या बाया बराच वेळ हलल्या नाहीत. मग एकेक करून उठल्या. नवशी शेवटी. मोटरने शेवटी गाळ ओढला, आणि तोही रस्त्यावर गेला. मे महिनाभर पाड्याने लांबच्या झऱ्यावरून पाणी आणलं. हाल्या डहाणूकडच्या चिकूवाडीत मजुरीला लागला. लडक्याशी बोलणं तुटलं ते तुटलंच.

रस्ता २०१९मध्ये काँक्रीटचा झाला. हाल्या मीठ घ्यायला गेला तेव्हा रविंद्रशेठने त्याला ओळखलं नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "धुळीच्या दिवसांत लडक्या होता म्हणून निभावलं. भला माणूस."

हाल्याने मिठाची पिशवी उचलली आणि तो उधव्याच्या जीपकडे चालू लागला.