पाचवं ताट

टेबल पाच जणांचं राहून गेलं, ती चूक माझीच. बाबांचं विमानाचं तिकीट रद्द केलं, खोलीच्या बुकिंगमधून त्यांचं नाव काढलं, विम्याचे कागदसुद्धा बदलून घेतले. आणि एवढी कर्तबगारी दाखवल्यावर हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटला ‘आता आम्ही चौघंच येणार’ हे कळवायचं विसरलो. कारखान्यात माझ्या हाताखालची पोरं मला ‘डबल चेकवाले साहब’ म्हणतात. बँकॉकला मी कुणाच्या हाताखाली नव्हतो आणि माझ्याही हाताखाली कुणी नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट झाशीपर्यंत पोचली नाही.

खरं तर ही सहल बाबांचीच. झाशीतल्या लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरापासून समथरपर्यंत कुठल्याही लग्नाला जा, बाबा पहिल्या घासाला निकाल द्यायचे. “भैया, कढ़ी नहीं, पानी गरम किया है.” आणि यजमान हात जोडून हसायचे, कारण म्हातारा खरं बोलतोय हे त्यांनाही ठाऊक असायचं. परदेशातल्या मोठ्या हॉटेलात एकेक पदार्थ वाट बघायला लावून आणतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं आणि हट्टच धरला. “राजेलोक असेच जेवत असणार. एकदा बघू या, भूक टिकते का.” परदेश म्हणजे थंडी, म्हणून त्यांनी तपकिरी स्वेटर कपाटातून बाहेर काढून ठेवला होता. बँकॉकला घामाच्या धारा लागतात हे मी त्यांना सांगणारच होतो. ते राहिलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, दुपारी पेपर वाचता वाचता ते गेले.

आईचं जेवण तेव्हापासून बिघडलं. आमच्याकडे पानं घेतली की आई बाबांच्या ताटात आधी मीठ वाढायची, मग लिंबाची फोड, आणि म्हणायची, “करा सुरू.” बाबा पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, “हं.” ते ‘हं’ आल्यावर आई जेवायला बसायची. उभ्या आयुष्यात तिने त्याआधी तोंडात शीत घातलेलं मी पाहिलं नाही.

तेरावा झाल्यावरही ती त्यांचं काशाचं ताट मांडत राहिली. मीठ, लिंबू, “करा सुरू.” माझी कॉलेजातली मुलगी संध्याकाळी स्वयंपाकघरात जायची बंद झाली. “मम्मी, डर लगता है. आजी खरंच कुणाकडे तरी बघते.” मग आत्या आली, बाबांची धाकटी बहीण, आणि तिने स्पष्टच सांगितलं, “वहिनी, पान मांडत राहिलीस तर तो उंबऱ्यातच घुटमळत राहील. सोड आता त्याला.” बायकोनेही मान डोलावली. मी स्टुलावर चढून ताट माळ्यावर ठेवलं. आई खाली उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून तिला भूक लागेना. ताटावर बसायची, वाट बघितल्यासारखी थांबायची, पोळी गार झाली की झाकून ठेवायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले.

सहल मी रद्दच करणार होतो. आईच म्हणाली, “जाऊ या. त्यांनी स्वेटर काढून ठेवलाय.”

हॉटेल मात्र असं होतं, की मी गालिच्यावर बूट हातात घेऊन चालावं की काय ह्या विचारात पडलो. उशा कशा हव्यात हे विचारायला एक जण आला. आईने सगळ्या दाबून पाहिल्या आणि सगळ्यात दगडासारखी निवडली. न्हाणीघरात कमोडचं झाकण आपणहून उघडलं तेव्हा मी त्याला “सॉरी” म्हणालो. मुलीने ते ऐकलं आणि सहलभर मला चिडवायला वापरलं. सकाळच्या नाश्त्याला इतकी फळं होती, की मी नुसता हिंडून रिकामी बशी घेऊन परत आलो. आईने चहात बुडवून एक टोस्ट अर्धा खाल्ला. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर.

हॉटेलच्या दाराबाहेर एका खांबावर बाहुलीच्या घरासारखं छोटं देवघर होतं. त्यापुढे फुलं, भात आणि लाल सरबताची बाटली, तिच्यात नळी घातलेली. मुलीने फोनवर वाचून सांगितलं, “आजी, ह्या जागेवर आधीपासून राहणारे, जे दिसत नाहीत ना, त्यांच्यासाठी आहे. हॉटेल बांधलं म्हणून त्यांना बेघर नाही करायचं.”

आई बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिली. “नळीसुद्धा घालून ठेवलीये. आणि आपल्याकडे उंबऱ्यातून हाकलतात.” ती कुणाला उद्देशून बोलली नाही. बायकोने खाली आपल्या चपलांकडे पाहिलं.

दिवेलागणीला आम्ही वर जेवायला गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर पाच रुमाल, पाच पेले. वाढणारी मुलगी हात जोडून हसली आणि एकेक खुर्ची ओढून देत गेली. आम्ही चौघं बसलो. मग तिने पाचवीही ओढली, क्षणभर थांबली आणि कुणी बसल्यावर सरकवावी तशी हलकेच आत सरकवली. मी घाईघाईने इंग्रजीत म्हणालो, माफ करा, आम्ही चौघंच, हे उचला.

“राहू दे,” आई म्हणाली.

“आई, अगं, ते लोक...”

“राहू दे म्हटलं ना. बाई, हे एसी केवढं!” तिने पिशवीतून तपकिरी स्वेटर काढला आणि त्या खुर्चीच्या पाठीवर नीट बसवला, खांदे सारखे करून. वाढणारी मुलगी स्वेटरकडे बघत राहिली, मग आईकडे, आणि काहीही न विचारता पाचव्या पेल्यात काठोकाठ बर्फाचं पाणी ओतून गेली.

पहिला पदार्थ आला. परातीएवढी बशी आणि तिच्या मधोमध चिंचोक्याएवढं काहीतरी, त्यावर हिरवा फेस.

“हे उतू गेलंय का?” आईने विचारलं. मुलीला हसू फुटलं. “पापा, आजोबा असते तर म्हणाले असते, नमुना आणलाय, माल कुठे आहे?”

‘आजोबा’ हा शब्द तोंडून गेला आणि तिने जीभ चावली. पाचवी बशीही आली होती.

“बेटी, थोड़ा नमक,” आई वाढणारीला म्हणाली. मी तर्जुमा केला. तिने अदबीने सांगितलं, शेफने सगळं बेतून केलंय, मिठाची गरज पडणार नाही. “गरज आहे,” आई मराठीतच म्हणाली, आणि ते तिला कसं कळलं कोण जाणे, पण मीठ आलं, लिंबाची फोडही आली. आईने उठून पाचव्या बशीच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवलं, शेजारी लिंबू ठेवलं आणि बसली.

“करा सुरू.”

मुलीने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. बायकोचा चमचा हवेत थांबला. खाली नदीवर होड्यांचे दिवे लागत होते. आई मान किंचित कलती करून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मी ‘हं’ ऐकलं असं म्हणणार नाही. पण आईने ऐकलं असावं, कारण तिने चमचा उचलला आणि तो चिंचोका खाल्ला.

मग दुसरा पदार्थ आला, मग भाजलेला भोपळा, नारळाच्या रसातला भात, एक आंबट सार. प्रत्येक वेळी पाचव्या बशीत मीठ, लिंबू, “करा सुरू.” आणि आई खात राहिली. भात तर तिने मागून घेतला. अशा ठिकाणी मागून घेत नसतात, हे मला ठाऊक होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर बायकोने टेबलाखालून असा पाय मारला की मीच वाढणारीला म्हणालो, थोडा मलाही.

उठताना माझं लक्ष पाचव्या पेल्याकडे गेलं. पाणी निम्म्यावर आलं होतं. “बर्फ विरघळला असेल, पापा,” मुलगी हळूच म्हणाली. मी इंजिनिअर आहे. बर्फ विरघळल्याने पाण्याची पातळी खाली जात नाही, हे मला शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, “हो, बर्फच.” आईने स्वेटर उचलला, झटकला नाही, तसाच हातावर घेतला आणि नातीसोबत पुढे चालू लागली.

खोलीत आल्यावर बायको बराच वेळ कानातले काढत आरशासमोर उभी होती. मी विचारलं, “पेला पाहिलास?”

“झाशीला पोचलो की आधी स्टुलावर चढा,” ती म्हणाली. “ताट काळं पडलं असेल. घासायला चिंच आहे घरात.”