फ्यूज कोणी लावले?

सातपूरच्या एका कारखान्यातली ती खंडेनवमी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. यंत्रपूजेची तयारी चालू असताना पत्रा कापणारी बंद प्रेस अचानक सुरू झाली आणि आत हात घालून दुरुस्ती करणाऱ्या फिटरचा पंजा चिरडला.

मालक प्रेसच्या ऑपरेटरला घेऊनच ठाण्यात आला. ऑपरेटरचे एकच पालुपद. "चूक माझीच साहेब. बटण मीच दाबलं." इतक्या चटकन कबुली देणारा माणूस दिसला की मला आधी शंका येते. तरी त्याला बसवून ठेवले.

तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता कोणी म्हणाले, "साहेब, तो ऑपरेटर तवा नारळ आणायला गेला व्हता. गरिबाला उगाच लटकवू नका."

मी इस्पितळात जाऊन फिटरचा जबाब घेतला. "हात घालायच्या आधी फ्यूज काढून ठेवतो मी. आजबी काढले व्हते," तो म्हणाला. म्हणजे कोणीतरी ते परत लावले होते. ठाण्यात येऊन ऑपरेटरला खोदून विचारले, तेव्हा तो रडू लागला. "खरं बोललो तर नोकरी जाईल साहेब. घरात कमावणारा मी एकटाच हाय."

मालकाला पुन्हा बोलावले. सोबत त्याची म्हातारी आई आली. मालकाने तीच कथा सुरू केली, तर आईने त्याला मध्येच थांबवले.

"बटण मी दाबलं, साहेब. पूजेला मशीन घरातल्या मोठ्या माणसानं चालू करायचं, ही आमची रीत. मशीनच्या मागल्या बाजूनं आत माणसाचा हात आहे, हे मला ठाऊक नव्हतं." मग मुलाकडे वळून म्हणाली, "फ्यूज कोणी लावले ते तू सांगतोस, की मी सांगू?"

मालकाची मान खाली गेली. "मुहूर्त टळत होता. वाटलं, फिटरचं काम उरकलं असेल. विचारलं नाही."

पोटच्या मुलाविरुद्ध जबाब देताना त्या बाईचा आवाज जरासुद्धा कापला नाही. सही केल्यावरच तिने डोळ्यांना पदर लावला. शूर म्हणवणारे मी पुष्कळ पाहिले, पण एवढ्या धीराचे माणूस क्वचितच.

मालकावर गुन्हा दाखल झाला. पुढे आईने मागे लागून त्या कारखान्यातल्या प्रत्येक मेन स्विचला कुलूप बसवून घेतले. दुरुस्ती करणाऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम झाला. वीज बंद केली एवढ्याने भागत नाही, ती दुसऱ्या कोणाला सुरू करता येता कामा नये, हे मी तिथे शिकलो. आणि खरे बोलायला किती बळ लागते, तेही.

त्या दिवशी ऑपरेटरला सोडले, तेव्हा ती म्हातारी बाकावरून उठून त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "बाबा, आमच्या घरचं पाप तुझ्या डोक्यावर घालत होतो रे." तो तिच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला वाकू दिले नाही.