व्याही मांडीपर्यंत रुतले

दलदली जंगलातल्या सेबांगाऊ नदीवर सालुंदिक मामाला सगळेच मामा म्हणत, भाचे असोत वा नसोत. राष्ट्रीय उद्यानाची पाटी सरकारने लावली असली, तरी आतलं एकेक झाड आपल्या मांडीवर खेळलंय, अशा थाटात मामा होडीचं इंजिन सुरू करी. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं काळं. कुणी पाहुण्याने नाक मुरडलं की मामा ओंजळभर पिऊन दाखवी आणि मिशीचे चार केस पुसत म्हणे, "हे काळं आहे, घाण नाही. घाण ते तुमच्या शहरातलं, पांढरं दिसतं ना, ते."

आज मात्र पाहुणे साधेसुधे नव्हते. होडीत बसणार होते होणारे व्याही, समुद्रापलीकडच्या जावातल्या सोलो शहराचे निवृत्त पोस्टमास्तर पाक मार्तोनो, आणि त्यांच्या पत्नी बू मार्तोनो; पाक म्हणजे आपलं राव, बू म्हणजे बाई. मामाच्या मुलीचं, येराचं, त्यांच्या मुलाशी लग्न ठरलं होतं, पण कुठे लावायचं ते ठरलं नव्हतं. व्याह्यांच्या मनात सोलोचा पंखेवाला हॉल. मामाच्या मनात होड्यांतून येणारी वरात, आणि दारात आडवे बांधलेले दोरे तोडून आत येणारा नवरा. "आधी तुमचं गाव बघू, मग बोलू," असं व्याही फोनवर म्हणाले होते. त्या 'मग'वर मामा आठवडाभर झोपला नव्हता.

आणि सुरुवातच चुकली. मामाची बायको एल्मिया हिने कॉफी आणि वादी, म्हणजे मुरवून तळलेला मासा, पुढे केला. बू मार्तोनो गोड हसून म्हणाल्या, "नको हो, आत्ताच खाऊन आलो." पाक मार्तोनोंनी मान डोलावली. दोघांनी बोटसुद्धा लावलं नाही.

झालं, मामाने मनाशी म्हटलं. पुढ्यात आलेलं खायचं नसेल तर नका खाऊ, पण निदान बोट लावून जिभेवर टेकवावं; नाहीतर पाहुनी लागते. साप चावतो, होडी उलटते, काहीही होतं. पाहुण्यांनाच बहुधा लागते, म्हणून पाहुनी म्हणायला हरकत नाही. पण येराने सकाळीच बजावलं होतं, "बाबा, त्यांच्यापुढे पाहुनी-बिहुनी काढायची नाही. रानटी समजतील आपल्याला." आणि आग्रह करणं मामाच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. माणूस नको म्हणतो, तर नको. त्याला खोटं का पाडायचं?

"येराचे बाबा, तोंड आवरा आणि हा डबा घ्या," एल्मियाने कानाशी येऊन वादीचा डबा त्याच्या हातात कोंबला.

होडीत मामाने युक्त्या केल्या. "पाक, जरा हा डबा धरता का?"

पाक मार्तोनोंनी धरला आणि अदबीने परत दिला.

"बू, बघा हो, झाकण नीट लागलंय का?"

"अगदी घट्ट आहे," बू म्हणाल्या.

येराने बापाला चिमटा काढला. "बाबा!"

"अगं, मी डब्याची चौकशी करतोय!"

इंजिन काटेरी केवड्यात अडकलं. मामाला कळलं, लागली. माकडं आज माहेरी गेल्यासारखी गायब. धनेशाचा नुसता पंखांचा आवाज आला, पक्षी आला नाही. मामाला कळलं, चांगलीच लागली.

जंगलात उतरून सगळे एकामागे एक फळ्यांच्या वाटेवरून निघाले. मागून येरा आली, तशी पाक मार्तोनोंनी "या, या, आधी तुम्ही" म्हणत अदबीने बाजूला पाऊल टाकलं. बाजूला फळी नव्हती. व्याही मांडीपर्यंत आत गेले.

"पाक!" येरा किंचाळली. बू मार्तोनोंनी तोंडाला ओढणी लावली. भीतीने की हसू लपवायला, ते कळलं नाही. मामा धावला, काखेत हात घालून ओढू लागला, आणि ओढता ओढता त्याच्या चेहऱ्यावर भलताच आनंद पसरला.

"रुतलात! वा! कसले रुतलात!"

"बाबा, काय बोलताय!"

"तू गप. पाक, लाकूडवाल्यांनी इथे पाट खणले. जंगलाचं सगळं पाणी नदीत गेलं. जमीन इतकी सुकली की इथे पोरं चेंडू खेळायची. मग आग लागली. वर नाही हो, खाली, जमिनीच्या पोटात; इथली जमीन म्हणजे साठलेला पालापाचोळाच. महिनोन्महिने धूर. मग आम्ही गावाने पाट अडवले, बांधावर बांध घातले, वाहून गेले तर पुन्हा घातले. वर्षं गेली बघा हा चिखल करायला! त्यात तुम्ही मांडीपर्यंत गेलात. गेल्या खेपेला मी घोट्यापर्यंतच गेलो होतो!"

पाय निघाला, बूट आतच राहिला. तेवढ्यात मामाचा संयम सुटला. "आणि आता तरी त्या वादीला बोट लावा! पाहुनी लागलीय तुम्हाला. न चाखता उठलात ना सकाळी, त्याचं हे सगळं!"

येराने डोळे मिटून घेतले.

पाक मार्तोनो फळीवर बसले. "एवढंच होतं होय? अहो, आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही!"

"म्हणजे खाऊन आला नव्हता?"

"पहाटेपासून उपाशी आहोत," बू मार्तोनो म्हणाल्या आणि स्वतःच डबा उघडला.

डब्याचा तळ दिसायला फार वेळ लागला नाही. मग पाक मार्तोनोंनी बोटं चाटली, एक अनवाणी पाय त्या काळ्या चिखलात मुद्दाम पुन्हा बुडवून पाहिला, आणि म्हणाले, "लग्न इथेच होऊ दे. माझे दोन्ही भाऊ फार ऐटीत असतात. त्यांना हा गावाने केलेला चिखल दाखवायचाय."

मामाला नदीएवढा हुंदका आला, तो त्याने खोकल्यात घालवला.

धक्क्यावर होडी लागायच्या आधीच त्याची आरोळी गेली, "एल्मिया! लग्न इथेच! व्याही गुडघ्यापर्यंत रुतले होते, ऐक!"

"मांडीपर्यंत," मागून पाक मार्तोनोंनी ताठ मानेने दुरुस्त केलं.