ढगात ठेवलेले ढवळे

आमच्या थोरल्या आत्याइतकं अफाट डोकं अख्ख्या भिवंडी तालुक्यात दुसरं नसेल. चष्मा कपाळावर ठेवून ती तो घरभर शोधते, मला हाक मारताना आधी माझ्या तिन्ही भावांची नावं घेऊन मग माझ्या नावावर येते. पण लग्नात गायचे ढवळे म्हणाल, तर हळदीपासून पाठवणीपर्यंत एक ओळ इकडची तिकडे होत नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. एकदा धामणकर नाक्यावर आमची शेअर रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली, तशी हिनं तिथेच ढवळा सुरू केला. पुढची वाट मोकळी झाली तरी रिक्षावाले चाचा हलेनात. मागून हॉर्न वाजायला लागले, तर म्हणाले, "अम्मा, पूरा कर लो. जाम तो रोज का है."

काल्हेरला तिच्या घरी मी तिचे आणि तिच्या सख्ख्या बहिणीचे, म्हणजे धाकट्या आत्याचे, ढवळे रेकॉर्ड केले. एक ओळ थोरलीची, पुढची धाकटीची. मोबाइलमध्ये जागा उरेना, म्हणून सगळं क्लाउडवर चढवलं आणि मोबाइलमधून पुसून टाकलं. क्लाउड म्हणजे ढग, असं आत्याला सांगितलं.

"ढगान ठेवलंस? कुनाचा ढग रं तो?" थोरलीनं विचारलं.

"ढग नाही गं. कंपनीचे मोठाले कॉम्प्युटर असतात, त्यांच्या इमारतीत."

"म्हंजी दुसऱ्याचा गोडाऊन. नि चावी?"

"पासवर्ड माझ्याकडे आहे."

"चावी तुजेकडं, पन दार त्यांचा."

मी हसलो. पुढच्या वर्षी धाकटी आत्या गेली. दिवसकार्य झाल्यावर तिचा आवाज ऐकावा म्हणून नव्या मोबाइलवर खातं उघडायला बसलो, तर पासवर्ड आठवेना. नवा घ्यायचा तर कोड जायचा जुन्या नंबरवर, आणि तो मी केव्हाच बंद केलेला. कंपनीला मेलवर मेल केले. दरवेळी तेच उत्तर: ओळख पटत नाही. बोलायला माणूस म्हणून कुणी नव्हतंच.

आत्याला हे सांगताना माझी मान वर होत नव्हती. ती रागावली नाही. "बस रं," म्हणाली, "नि आता दोन ठिकानी ठेव." तीन दुपारी ती गात होती, सत्तरी उलटलेली बाई, एकदाही न अडखळता. मी नुसता थक्क होऊन बघत राहिलो. आता ते ढवळे माझ्या मोबाइलमध्ये आहेत, पेनड्राइव्हवर आहेत, माझ्या बहिणीच्या घरीही एक प्रत आहे.

फक्त प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची. धाकटीची ओळ गाऊन होईल एवढा वेळ. शेवटी मी म्हटलं, "आत्या, ती ओळपण तूच म्हण ना. तुला येते की."

"येतं रं," ती म्हणाली. "पन ती माजी न्हाय." आणि तेवढाच वेळ थांबून तिनं पुढची ओळ घेतली.