यंत्र-पोलिसाची मराठी

मी परदेशी सिनेमांचे मराठी संवाद लिहिते, डबिंगसाठी. दोन वर्षांपूर्वी एक मारधाडीचा सिनेमा हाती आला. अपघातात जवळजवळ संपलेला एक पोलीस, डॉक्टर त्याला निम्मा यंत्र करून पुन्हा ड्युटीवर पाठवतात. आधीचं त्याला काही आठवत नाही. गोळीबार, पाठलाग भराभर लिहून झाले. अडले मी एका साध्या प्रसंगापाशी. हरवलेल्या मुलाची तक्रार द्यायला एक म्हातारी चौकीत येते आणि ती लिहून घेतो तो हाच. तिचा मुलगा! चेहरा पूर्ण झाकलेला, त्यामुळे तिलाही कळत नाही.

पोलिसांची भाषा नीट हवी म्हणून मी लॅपटॉप घेऊन खालच्या मजल्यावर गेले. बाळकुमच्या आमच्या सोसायटीत तिथे एक रिटायर्ड महिला हवालदार राहतात. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात.

मी तो प्रसंग लावला आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. तपास चालू आहे.’

‘‘बरोबर आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आम्ही असंच बोलतो.’’ मग म्हणाल्या, ‘‘परत लाव गं.’’

तीनदा बघितलं त्यांनी. मग लॅपटॉप स्वतःच मिटला.

‘‘याला बिचाऱ्याला काही आठवत नाही, म्हणून हा असा बोलतो. माझं तर डोकं जागेवर होतं.’’

कल्याणला असताना त्यांनी एका बाईची मिसिंगची तक्रार घेतली होती. एकोणीस वर्षांचा मुलगा, कामावर गेला तो आलाच नाही. बाई दर सोमवारी यायची. मॅडम म्हणायच्या, तपास चालू आहे. सुरुवातीला तो खरंच चालू होता. पुढे पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी वाक्य तेच. एकदा ती बाई म्हणाली, ‘‘तपासाचं राहू द्या. दोन मिनिटं माझ्यापाशी बसा.’’ मॅडमनी बंदोबस्ताचं कारण सांगितलं.

‘‘बंदोबस्त नव्हता त्या दिवशी,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘त्यानंतर ती आलीच नाही.’’

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला सोबत चल म्हणून सांगितलं. त्या बाईच्या चाळीचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. चाळ होती, बाईही होती. दार उघडून आमच्याकडे बघत राहिली. वर्दीशिवाय मॅडम तिला ओळखूच आल्या नाहीत.

‘‘मी चौकीतली,’’ मॅडम म्हणाल्या. एवढंच.

बाईचा हात चौकटीवर गेला. ‘‘सापडला?’’

‘‘नाही हो. नाही सापडला. मी... बसायला आले.’’

मला वाटलं, ही आता दार लावणार. रागावली असती तरी तिचं चुकलं नसतं. पण ती बाजूला झाली.

आम्ही दोन तास बसलो. मॅडमनी मुलाबद्दल विचारलं. फॉर्मवर उंची, वर्ण, अंगावरचे कपडे एवढंच असतं. तो डावखुरा होता, त्याला अंधाराची भीती वाटायची, पहिल्या पगारात त्याने आईसाठी घेतलेली चप्पल एक नंबर लहान निघाली, हे मॅडमना पहिल्यांदाच कळत होतं. चपलेचं सांगताना बाई हसली. मॅडमच रडल्या.

घरी येऊन मी यंत्र-पोलिसाचं वाक्य बदललं. ‘बसा. मुलाबद्दल सांगा.’ डबिंगच्या दिग्दर्शकाने ते लगेच काढलं. ‘‘अगं, तो मशीन आहे. असं कसं बोलेल?’’ त्याचंही खरंच होतं. सिनेमा जुन्या वाक्यासकट टीव्हीवर लागला.

मॅडमनी काही तो पाहिला नाही. मुलगा अजून सापडलेला नाही. मॅडमच्या ओळखीतला एक अधिकारी जुने कागद पुन्हा बघतोय, पण त्यातून काही निघेल असं बाईला त्यांनी कबूल केलेलं नाही. त्या कल्याणला जातात, कधी बाई बाळकुमला येते. मागच्या रविवारी मी खाली गेले तर बोंबलाच्या कालवणात चिंच घालायची की कोकम, यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.